स्पिरिट भरण्याचा दिवस

चवथीच्या सुट्टीआधीचा शनिवार
बरण्यांच्या तहानेचा.
झाकणांना कितीही व्हॅसलीन फासा,
वर्षभरात बोटभर स्पिरिट उडून जातंच,
आणि वरच्या फळीवरचा दिवड
नाक बाहेर काढून
खोलीचा वास घेत राहतो.

केपे, कॉलेजची मागची खोली.
एकशे बारा बरण्या,
निम्म्या हॉर्लिक्सच्या.
मी स्टुलावर, हातात नरसाळं.

बेडूक आधी.
पांढरेफटक, हात पोटाशी घेतलेले,
सरकारी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारे.
मग देवगांडूळ.
पोरं विचारतात, साप का गांडूळ?
मी सांगतो, बेडकाचा चुलता,
पाय विकून जमीन घेतलेला.
चापडा हिरवा होता म्हणे,
आता निळा आहे.
हिरव्यातला पिवळा आधी विरघळतो,
रिबेलो सर सांगायचे,
मग सगळेच रंग, आपापल्या सवडीनं.
घोरपडीला काचेची पेटी.
मामाच्या घुमटावर हिच्या जातीचं कातडं होतं,
आरतीला सगळा वाडा उठवायचं.
इथे कातडं आहे, घोरपडही आहे,
आवाज तेवढा नाही.

सदुसष्ट नंबरवर रिबेलो सरांचं अक्षर,
काळी शाई, तिरका कान्हा:
मण्यार. नर. ब्याण्णव सेंटीमीटर.
नेत्रावळी. घरात मारला.
एवढंच.
घर कुणाचं ते नाही.
मारण्याआधी त्यानं काय केलं, तेही नाही.

अकराच्या बसनं ती आली.
हातात छत्री, पिशवीत तवशी,
एक माझ्या टेबलावर ठेवली.
सुकांती वेळीप.
‘सोयरूचा साप हांगा आसा?’

बरणी खाली काढली. फडक्यानं पुसली.
बाजारात बांगड्याचे डोळे बघतात
तशी वाकून तिनं पाहिलं,
एकदा या बाजूनं, एकदा त्या.
मग सरळ झाली.
‘हो न्हय तो.’

तो काळा होता, म्हणाली,
तव्याच्या बुडासारखा,
अंगावर चुन्याच्या रेघा.
चिमणीच्या उजेडात मी पाहिला,
ह्याच्या उशाशी.
ह्याला जागसुद्धा आली नव्हती.
आणि हा कोण,
भिजलेल्या सुंभाच्या रंगाचा?

सव्वीस वर्षं, मला म्हणता आलं असतं.
स्पिरिटात रंग उतरतो, बाय.
एक वाक्य.
जिभेवर होतं.
पण तिचा चेहरा
हळूहळू काहीतरी मोजत होता,
आणि मी नरसाळ्याचं टोक
उगाच पुसत राहिलो.

‘म्हणजे तो अजून तिथंच.’
मी काही बोललो नाही.
‘लेकानं लाद्या घातल्या घरात.
म्हणतो, आता खाट कशाला,
गादी घाल खाली.’
पिशवीचे बंद तिनं आवळले.
‘सांगते त्याला.
खाट मोडायची नाही.’

भीती होती का त्यात?
असेल.
पण निघताना ती
येतानापेक्षा ताठ चालत होती,
घरी कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

सदुसष्ट मी काठोकाठ भरली.
थोडं लेबलावर सांडलं,
शाई हलली नाही.
सर लिहायचेच तसं.
मण्यार तळाशी एकदा फिरली,
माझ्या हाताच्या धक्क्यानं,
आणि पुन्हा आपल्या वेटोळ्यात बसली.

दारापाशी छत्री उघडताना
ती थांबली होती, हे राहिलंच.
पाऊस नव्हता. उघडली आणि मिटली.
मग फळ्यांवरून नजर फिरवत,
बेडकांवरून, पालींवरून,
पायाला दोरा बांधलेल्या कासवाच्या पिल्लावरून,
हलक्या आवाजात तिनं विचारलं,
मयताच्या घरी विचारतात तसं:

‘आणि हे बाकीचे कुणाचे?’